फॅक्स सोवळा, मेसेज ओवळा

शाळेत मला बास्केटबॉल शिकवणारे सर आता पंचाहत्तरीला आलेत. लेक जर्सी सिटीत असते. तिच्याकडे ते ऐन थंडीत जातात. "उन्हाळ्यात का नाही जात, सर?" असं विचारलं की म्हणतात, "हंगाम थंडीतच असतो ना बास्केटबॉलचा." मागच्या खेपेला तिथून त्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला. काळोख केलेली खोली, यंत्रातून सोडलेला धूर, वरून निळा झोत, आणि मधोमध सतरा-अठरा वर्षांचा, दारातून वाकूनच यावं लागेल एवढा उंच पोरगा. अंगात एका कॉलेजची जर्सी, इतकी कोरी की खांद्यावर घडी दिसत होती. पडद्याआडून कुणी सांगेल तसा तो चेंडू या हातातून त्या हातात घेतो, मान वळवतो, हसू दाबतो. मग कोपऱ्यातून पन्नाशीचे कोच येतात आणि त्याच्या शेजारी उभं राहून चक्क नाचतात. चाळीस सेकंदांचा मामला. हा मुलगा अजून त्या कॉलेजचा विद्यार्थीही नाही. दोन दिवसांचा पाहुणा म्हणून आलाय.

खाली सरांचा शेरा: "खेळाडू निवडतायत का नवरदेव सजवतायत?"

मी हसलो, पण शेरा डोक्यातून जाईना. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉल जुन्या काळापासून पाहणारे कितीतरी लोक हेच म्हणतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वी कोच मुलाच्या घरी जायचा, आईच्या हातचं जेवायचा, बापाच्या डोळ्यांत पाहून शब्द द्यायचा. आता कॉलेजं व्हिडिओवाले आणि डिझायनर पगारावर ठेवतात, कोच रात्री जागून शाळकरी पोरांच्या पोस्टना लाइक वाटतात, आणि पोरं बचाव शिकायच्या आधी रील करायला शिकतात. एका शब्दात सांगायचं तर बाजार. माणसाला माणूस ओळखत होता तिथे आता फॉलोअरला फॉलोअर ओळखतो.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. त्यातला एक भाग मला मान्यच आहे, तो पुढे येईल. पण ही सगळी इमारत ज्या पायावर उभी आहे तो पाया, म्हणजे 'पूर्वी सगळं सोवळ्यात होतं', हा मात्र भुसभुशीत आहे.

१९६५ साली न्यूयॉर्कचा लू अल्सिंडर हा सात फुटी शाळकरी खेळाडू कुठल्या कॉलेजात जाणार, याकडे तिथल्या क्रीडाजगताचे डोळे लागले होते. हाच पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला. त्याला लॉस एंजेलिसच्या यूसीएलएची शिफारस करणारी पत्रं आली. एक राल्फ बंच यांचं, एक जॅकी रॉबिन्सन यांचं. पहिले शांततेचं नोबेल मिळवलेले मुत्सद्दी, दुसरे बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडणारे. दोघंही यूसीएलएचे माजी विद्यार्थी. त्याआधी याच कॉलेजच्या रेफर जॉन्सनला अल्सिंडरनं टीव्हीवर, एड सलिव्हनच्या कार्यक्रमात पाहिलं होतं. जॉन्सन डेकॅथलॉनचा मोठा खेळाडू, पण कार्यक्रमात तो आला होता विद्यार्थ्यांचा अध्यक्ष म्हणून. काळ्या मुलाला अध्यक्ष निवडून देणारं कॉलेज ही गोष्ट त्या पोराच्या मनात घर करून बसली. आता मला सांगा, नामवंत माजी विद्यार्थी पुढे करणं, चित्रवाणीवरची छबी मनावर ठसवणं, आणि 'आमच्याकडे तुला मान आहे' हा निरोप पोचवणं, यात आणि आजच्या पोस्टमध्ये फरक काय? फार तर पोस्टमनचा.

आणि ते 'डोळ्यांत पाहून शब्द देणं' म्हणजे काय असतं तेही पाहून घेऊ. दक्षिण कॅरोलायनात नॉर्थ ऑगस्टा नावाचं गाव आहे. तिथे दर जुलैत पीच जॅम ही शाळकरी वयाच्या संघांची स्पर्धा होते. कोर्टाच्या कडेला देशभरातले नामांकित कोच खुर्च्या टाकून बसतात. खेळणाऱ्या पोरांशी तिथे बोलायचं नाही असा नियम. मग ते काय करतात? छातीवर कॉलेजचं ठसठशीत चिन्ह असलेला टी-शर्ट घालून, मुलाला दिसेल अशा जागी, शक्य तर पहिल्या रांगेत, पूर्ण सामना बसून राहतात. पाहायचं त्यांनी सगळं आधीच पाहिलेलं असतं. ते तिथे बसतात ते दिसण्यासाठी. तो टी-शर्ट हीच पोस्ट, आणि ती खुर्ची हाच लाइक. इंटरनेट नव्हतं तेव्हाही हे असंच चालायचं.

बंद दाराआड काय चालायचं, त्याची तर गोष्टच निराळी. लुइव्हिल या बड्या कॉलेजनं २०१३चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि २०१८ साली ते त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. कारण असं की खेळाडूंच्या वसतिगृहात, पाहुणे म्हणून आलेल्या शाळकरी मुलांसाठी, कॉलेजचाच एक कर्मचारी पैसे मोजून बायका आणवत होता. त्यातली काही मुलं अठराच्याही आतली. हा प्रकार काही वर्षं चालला आणि त्याची एकही रील निघाली नाही. धुराच्या यंत्रापुढे नाचणाऱ्या कोचला मी हसतो, पण निदान तो जे करतो ते साऱ्या जगासमोर करतो.

आता नियमकर्त्यांकडे वळतो, कारण खरी करमणूक तिथे आहे. अमेरिकी कॉलेज खेळांचा कारभार एनसीएए ही संघटना पाहते. ऑगस्ट २००७पासून तिनं कोचांना मुलांना मोबाइलवर मेसेज पाठवायची बंदी केली. पोरांना रात्री-अपरात्री त्रास होतो, मेसेजचे पैसेही त्यांच्याच खात्यातून जातात, ही तक्रार खरी होती. पण ईमेल चालू ठेवला. फॅक्सही चालू ठेवला! फॅक्स सोवळा, मेसेज ओवळा. त्या वयाच्या किती पोरांच्या घरी फॅक्सचं यंत्र होतं देव जाणे.

या सोवळ्याओवळ्यात केल्विन सॅम्पसन नावाचे कोच पुरते भरडले गेले. ओक्लाहोमा कॉलेजात असताना त्यांनी आणि त्यांच्या सहायकांनी मुलांना नियमाबाहेरचे ५७७ फोन केल्याचं निघालं. पुढे इंडियानात गेले तर तिथेही फोनचीच भानगड. फेब्रुवारी २००८मध्ये पायउतार व्हावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात एनसीएएनं पाच वर्षांची अशी शिक्षा ठोठावली की कुठलंही कॉलेज त्यांना नेमायला धजू नये. चौकशीत दिशाभूल केल्याचा ठपकाही त्यांच्यावर होता. तो दोष वेगळा, त्याची तरफदारी मी करत नाही. पण जून २०१२मध्ये, म्हणजे त्यांची शिक्षा चालू असतानाच, पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये फोन आणि मेसेजवरची मर्यादाच उठवली गेली. हवे तेवढे करा! ज्या कृत्यासाठी माणूस वनवासात होता ते कृत्य मागे राजमान्य झालं. सॅम्पसन परतले, ह्यूस्टनचा संघ बांधला आणि २०२५ साली तो अंतिम सामन्यापर्यंत नेला.

हे झालं कोचांचं. चाहतेही सुटले नाहीत. २००९मध्ये जॉन वॉल या नावाजलेल्या शाळकरी खेळाडूनं नॉर्थ कॅरोलायना स्टेटमध्ये यावं म्हणून तिथल्याच पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यानं फेसबुकवर एक गट काढला. कॉलेजनं आपल्याच पोराला लेखी ताकीद दिली की हे बंद कर. कारण काय, तर नियमानुसार तो कॉलेजचा हितचिंतक ठरत होता आणि हितचिंतकानं खेळाडूला गळ घालायची नसते. वॉल अखेर केंटकीला गेला. त्याला मुळात तिकडेच जायचं असेल तर फेसबुकच्या एका गटानं काय होणार होतं?

२०१६ उजाडेपर्यंत एनसीएए थोडी नरमली. कोचांना मुलांच्या पोस्ट लाइक करायला आणि पुढे ढकलायला मोकळीक मिळाली. मात्र त्या पोस्टखाली एक शब्दही लिहायचा नाही. अंगठा चालेल, 'शाब्बास' चालणार नाही. पन्नाशीची, लाखो डॉलर पगाराची माणसं शाळकरी पोरांच्या पोस्टवर मुकाट अंगठे उमटवत बसली, ती या नियमामुळे. आणि आज टीकाकार त्याच अंगठ्यांकडे बोट दाखवून म्हणतात, पाहा, माणूस माणसाशी बोलेनासा झाला!

इथवर वाचून कुणाला वाटेल, मी प्रचारखात्यांची वकिली घेतलीय. तसं नाही. कारण या वादात दुसराही एक पक्ष आहे आणि तो मला पहिल्यापेक्षाही कमी पटतो. तो म्हणतो: फॉलोअर वाढवा, चकचकीत चित्रं करा, खेळाडू आपोआप येतील, यापुढची भरती मैदानावर नाही, पडद्यावर जिंकली जाणार. कॉलेजांच्या अंदाजपत्रकात या पक्षाला मोठा मान आहे, कारण त्याच्याकडे दाखवायला आकडे असतात.

या पक्षाला माझं उत्तर सरांच्या लेकीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जर्सी सिटीत न्यूअर्क अव्हेन्यूवर आपल्या लोकांचा बाजार आहे, इंडिया स्क्वेअर म्हणतात त्याला. साड्या, मिठाई, पोह्यापासून पापडापर्यंत सगळं. तिथून केनेडी बुलेव्हार्ड धरून दक्षिणेकडे चालत गेलं की सेंट पीटर्स विद्यापीठ लागतं. जेमतेम काही हजार विद्यार्थ्यांचं जेझुइट कॉलेज. त्यांच्या संघाचं नाव 'पीकॉक्स', म्हणजे मोर. मार्च २०२२पर्यंत न्यू जर्सीबाहेर या मोरांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. राष्ट्रीय स्पर्धेत गटातल्या सोळापैकी पंधराव्या मानांकनावर कसेबसे आले आणि १७ मार्चला त्यांनी केंटकीला जादा वेळेत ८५-७९ असं लोळवलं. केंटकी म्हणजे त्या वेळी जॉन कॅलिपरी यांचा संघ. ट्विटर नवं होतं तेव्हापासून त्यावर असलेले, दहा लाखांवर अनुयायी जमवलेले, समाजमाध्यमांवरच्या भरतीचे आद्यपुरुष म्हणावेत असे कोच. त्यांचा एकट्याचा वर्षाचा पगार सेंट पीटर्सच्या अख्ख्या बास्केटबॉल खर्चाच्या कित्येक पट. मोर तिथेच थांबले नाहीत. मरे स्टेट गेलं, पर्ड्यू गेलं. पंधरावं मानांकन असलेला संघ अंतिम आठांत पोचला, हे स्पर्धेच्या इतिहासात प्रथमच घडलं. तिथे नॉर्थ कॅरोलायनानं त्यांना रोखलं.

त्या पंधरवड्यात सेंट पीटर्सला मिळाली तेवढी प्रसिद्धी कुठल्याही व्हिडिओवाल्याला विकत आणता आली नसती. मिशीवाला राखीव खेळाडू डग एडर्ट देशभर गाजला, कोंबडीचे पंख विकणाऱ्या एका साखळीनं त्याला जाहिरातीला घेतलं. ज्यांना जर्सी सिटी नकाशावर दाखवता आली नसती त्यांच्या फोनवर मोर नाचले. दुसऱ्या पक्षाच्या सिद्धांतानुसार आता काय व्हायला हवं होतं? खेळाडूंची रीघ लागायला हवी होती.

झालं उलटंच. कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले; ते त्यांचंच जुनं कॉलेज. संघातले बहुतेक बिनीचे खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमधून दुसऱ्या कॉलेजांत पांगले. हे पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदवही, २०१८मध्ये सुरू झालेली. २०२१पासून नव्या कॉलेजात एक वर्ष बसून काढायची अटही पहिल्या बदलीपुरती गेली, तेव्हापासून तिथे गर्दी उसळली. पुढच्या हंगामात मोरांनी जिंकले त्याहून जास्त सामने हरले. प्रसिद्धीनं गिऱ्हाईक आलं खरं, पण ते दुकानातला माल उचलून घेऊन गेलं.

म्हणजे चित्रामुळे दार उघडतं, पाहुणा आत येतो. राहायचं की नाही हे तो दोनच गोष्टींवर ठरवतो: मला खेळायला किती मिनिटं मिळतील, शिकवणारा कोण, आणि आता तिसरी, उघडपणे, पैसे किती. (दोन म्हणून तीन मोजल्या, तिसरी पूर्वीही होतीच, फक्त पाकिटातून यायची.)

आता मंडन. माझ्या मते समाजमाध्यमांचा खरा लाभ कॉलेजांना झालाच नाही, खेळाडूला झाला. आणि म्हणूनच जुन्या मंडळींना ती टोचतात, असा मला संशय आहे.

यूसीएलएच्या १९९५च्या विजेत्या संघातला एड ओबॅनन याला कित्येक वर्षांनी एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःचाच पुतळा खेळताना दिसला. तीच उंची, तोच रंग, तोच डावा हात, तोच ३१ नंबर. नाव नाही आणि पैसाही नाही. २००९मध्ये तो कोर्टात गेला. कॉलेजनं खेळाडूची छबी वापरायची, तिच्यावर तिकिटं, टी-शर्ट, प्रक्षेपणाचे हक्क विकायचे, आणि खेळाडूनं स्वतःच्या छबीवर एक डॉलर कमावला तर अपात्र ठरायचं, असा तो न्याय होता. कोरी जर्सी घालून धुरात उभं केलेलं पोरगं पूर्वीही होतंच, फक्त ते फुकटात उभं होतं. १ जुलै २०२१ला ही बंदी उठली आणि त्याच दिवशी हेली आणि हॅना कॅव्हिंडर या जुळ्या बहिणी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या पडद्यावर एका मोबाइल कंपनीसोबत झळकल्या. खेळायच्या कुठे? कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो स्टेटला. बड्या कॉलेजांच्या पंक्तीत जिचं पान मांडलं जात नाही अशा जागी. पण टिकटॉकवर त्यांचे तीस लाखांवर चाहते होते, आणि ते कॉलेजचे नव्हते. त्यांचे होते.

पुढे त्या मायामीला गेल्या. तिथे लफडं झालं, आणि टीकाकार नेमकं तेच उदाहरण देतात, म्हणून तेही पाहू. मायामीच्या एका धनाढ्य हितचिंतकानं बहिणींना घरी जेवायला बोलावलं. कोचनं ही गाठ घालून दिली, हा नियमभंग. एनसीएएनं २०२३च्या फेब्रुवारीत निकाल दिला. कोचला तीन सामने बाहेर बसावं लागलं, कॉलेजला दंड झाला. पण त्या जेवणाचा पुरावा कुठे होता? त्या गृहस्थांनीच मोठ्या हौसेनं ट्विटरवर टाकलेल्या फोटोत! पूर्वीच्या काळी हेच जेवण झालं असतं, सोबत पाकीटही गेलं असतं, आणि दहा वर्षांनी कुणाच्या तरी आत्मचरित्रातून ते आपल्याला कळलं असतं.

मुलींच्या खेळाचं तर सांगायलाच नको. वर्तमानपत्रांनी त्यांना दोन इंच जागा दिली नाही तेव्हा त्यांनी फोनवर आपली जागा केली. २०२४मध्ये दक्षिण कॅरोलायना आणि आयोवा यांच्यातला महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. पुरुषांचा अंतिम सामना १ कोटी ५० लाखांच्या आतच राहिला. याला आयोवाच्या केटलिन क्लार्कचे लांबून मारलेले नेम कारण आहेत, रील नव्हे, हे कबूल. पण तिचा असा नेम पुण्यातल्या माझ्या भाचीनं सामना संपायच्या आत पाहिला तो कशावर?

आता कबूल केलेला भाग. बारा-तेरा वर्षांच्या पोरांचे 'भावी तारा' म्हणून फिरवले जाणारे व्हिडिओ मला अस्वस्थ करतात. फ्लोरिडात पाचवीतला एक मुलगा हायस्कूलच्या संघातून खेळायचा. २०१२च्या सुमाराला त्याचे व्हिडिओ लाखोंनी पाहिले. उंची मात्र बेतानंच वाढली, आणि नाववाल्या कॉलेजांचं बोलावणं काही आलं नाही. त्याला ज्यांनी डोक्यावर घेतलं त्यांनीच पुढे खिल्ली उडवली. शंभर शाळकरी बास्केटबॉलपटूंपैकी कॉलेज संघात जागा मिळते तीन-चारांना; उरलेल्यांचे व्हिडिओ तेवढे मागे उरतात. इथे सरांचा पक्ष बरोबर आहे आणि मी त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहतो. पण हा दोष कॉलेजच्या पोस्टचा नाही. तो आईबापांचा, आणि पोरांच्या खेळावर धंदा करणाऱ्या वाहिन्यांचा. नियम करायचाच तर वयावर करा. माध्यमावर करून २००७मध्ये काय साधलं ते आपण पाहिलंच.

आणि दुसरा नियम करायचाच तर मजकुरावर करा. जुलै २०२५पासून, खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या 'हाउस' खटल्यातल्या तडजोडीनंतर, कॉलेजं आपल्या खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतात; पहिल्या वर्षाची मर्यादा होती मिळून २ कोटी ५ लाख डॉलर. तेव्हा धुराचा व्हिडिओ खुशाल टाका, पण शेजारी हेही टाका की मागच्या तीन वर्षांत या कोचकडून किती मुलं सोडून गेली, पदवी किती जणांनी पूर्ण केली, त्याच जागेवर खेळणारी आणखी किती पोरं तुम्ही या वर्षी बोलावली आहेत. वर-वधू सूचक मंडळही पत्रिका मागतं, सर. नवरदेव सजवायला माझी हरकत नाही. पत्रिका लपवायला आहे.

हे सगळं मी सरांना लिहून पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून बारा सेकंदांचा हलता, किंचित तिरपा व्हिडिओ आला. इंडिया स्क्वेअरवरून ते चालत सेंट पीटर्सच्या सामन्याला गेले होते, तिकीट काढून. व्हिडिओत चेंडू दिसतच नाही. दिसतो तो मोरांचा एक धिप्पाड पोरगा. नेम मारला गेलाय हे आवाजावरून कळतं. तो वळून, पाय फाकवून, आपल्याहून उंच प्रतिस्पर्ध्याला पाठीनं बास्केटपासून दूर रेटत राहतो, आणि चेंडू भलत्याच कुणाच्या हातात पडला असावा. टाळी त्यालाच मिळते.

"हे बॉक्स आउट बघ," सरांनी लिहिलं होतं. "शाळेत तुम्हाला घसा फोडून सांगायचो ते हे. या पोराचं कुणी काही टाकत नाही." मग थोड्या वेळानं आणखी एक ओळ आली: "ते इन्स्टाग्राम की काय, त्यावर हे कसं टाकायचं?"